एकही चांदणी नसलेली रात्र

रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होते. हातात दोन इंच बाय तीन इंचांचा तांब्याचा पत्रा, त्यावर केसासारख्या बारीक निळ्या रेघा आणि रेघांच्या मधे लखलखीत गुलाबी तांबं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून तो नुकताच बाहेर काढला होता. पाव मिलिमीटरची रेघ, शेजारी पाव मिलिमीटरची मोकळी जागा, पुन्हा रेघ. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. एकही रेघ तुटलेली नव्हती, एकही दुसरीला चिकटलेली नव्हती. भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. तसंच! गेले तीन आठवडे मी रसायनं बदलत होते, दिवे बदलत होते, वेळा बदलत होते आणि उत्तर दडलं होतं काळ्या रंगात. काळा किती काळा असावा, या एका प्रश्नात.

सुरुवात झाली ती आईंमुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली. दुपारी घरात त्या एकट्या असतात. शेजारच्या काकू आल्या, बराच वेळ घंटा वाजवून परत गेल्या, हे संध्याकाळी कळलं की आईंचा चेहरा उतरतो. मी ठरवलं, घंटा वाजली की त्यांच्या उशाशी दिवा तीनदा लुकलुकेल असं एक छोटं यंत्र करायचं. सर्किट कागदावर जमलं, ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खोचून चाचणी घ्यायच्या फळीवर, चाललंही. पण त्यातला मुख्य आयसी वीस पायांचा आणि पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर. तोवर मी सर्किटचे बोर्ड घरी करायचे ते इस्त्रीने. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, तांब्यावर पालथी घालून इस्त्री फिरवायची, टोनर तांब्याला चिकटतो. जाड रेघांना ते चालतं. या वीस पायांपुढे मात्र इस्त्रीने हात टेकले. कुठे टोनर पसरला, कुठे उचललाच गेला.

मग पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चक्कर मारली आणि तांब्याच्या पत्र्यासोबत ड्राय फिल्मची एक गुंडाळी घेऊन आले. ही ड्राय फिल्म काय चीज आहे ते सांगते, कारण तिने मला वेड लावलं. दोन पारदर्शक पापुद्र्यांच्या मधे निळसर रंगाचा एक मऊ थर असतो. त्याला साधा पिवळा उजेड कळत नाही, अतिनील उजेड मात्र लगेच कळतो. खोलीत पिवळा दिवा लावून आतला पापुद्रा सोलायचा, थर तांब्यावर चिकटवायचा आणि लॅमिनेशनच्या गरम यंत्रातून पत्रा सरकवायचा. मग त्यावर सर्किटचं चित्र छापलेली पारदर्शक शीट, त्यावर काच, वर अतिनील दिवा. जिथे उजेड पडला तिथला थर टणक होतो. जिथे पडला नाही तिथला थर वरचा पापुद्रा काढल्यावर लिटरला १० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात विरघळून जातो. उघडं पडलेलं तांबं, फक्त ३५ मायक्रॉन जाडीचं, फेरिक क्लोराइड खाऊन टाकतं. निळ्या थराखालचं तांबं सुरक्षित राहतं. शेवटी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात निळा थर उतरवला की खाली चकचकीत तांब्याचं सर्किट!

उजेडाने चित्र काढायचं! वाचूनच अंगावर काटा आला होता. पण यात एक मेख आहे. उजेड पडेल तिथे थर राहणार, म्हणजे शीटवर रेघा कोऱ्या हव्यात आणि बाकीचं सगळं काळं. पाटीवर खडूने काढलेल्या चित्रासारखं. आणि त्या काळ्याचं एकच काम: उजेड अडवणं. पूर्ण अडवणं.

पहिली शीट कोपऱ्यावरच्या डीटीपीच्या दुकानातून लेझर प्रिंटरवर काढून आणली. टेबलावर ठेवली तर काळीभोर दिसत होती. घरी येऊन सगळं विधिवत केलं, पत्रा सोड्याच्या पाण्यात धरला आणि रेघा उमटताना बघून आनंदाने ओरडले. पण रेघांच्या मधे तांबं स्वच्छ होईना. तिथे निळसर धुकं राहिलं, धुक्यात बारीक बारीक निळे ठिपके. फेरिक क्लोराइडने तिथलं तांबं चाखलंसुद्धा नाही. उजेडाचा वेळ कमी केला तर धुकं गेलं, पण रेघाही वाहून गेल्या. सोडा वाढवला तर रेघा सालीसारख्या सोलून आल्या. वेळ वाढवा, कमी करा, पाणी कोमट करा, गार करा! पाच पत्रे गेले. प्रत्येक वेळी मी दोष दिला तो रसायनांना.

मग भेटले स्क्रीन प्रिंटिंगवाले काका. अप्पा बळवंत चौकापासून आत एका गल्लीत त्यांचं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान आहे. मी गेले होते वेगळ्याच कामाला. काका तेव्हा एका लाकडी पेटीच्या काचेवर काहीतरी ठेवून वाकून बघत होते. पेटीत ट्यूबलाइट, काचेवर ट्रेसिंग पेपर, त्यावर गणपती आणि वधूवरांची नावं, काळीभोर. मी विचारलं, हे काय करताय? त्यांनी सांगितलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. जाळीवर इमल्शन नावाचा थर द्यायचा, वाळवायचा, काचेवरच्या या ट्रेसिंगवर ती जाळी ठेवायची, खालून उजेड द्यायचा. उजेड लागलेलं टणक होतं, काळ्याखालचं पाण्याने धुऊन जातं. अहो, हेच तर मी घरी करतेय! मी तांब्यावर, काका जाळीवर. ही कला माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर रोज चालू होती आणि मी एकटीच धडपडत होते.

पिशवीतून माझी शीट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर बघितलीच नाही. सरळ पेटीच्या काचेवर टाकली.

"ताई, हा काळा नाही. हा राखाडी आहे."

"काळाच तर दिसतोय, काका."

"टेबलावर ठेवून काळा. उजेडावर ठेवून बघा, मग बोलू."

मी वाकले. आणि मला रात्रीचं आकाश दिसलं. ज्या काळ्यावर मी इतके दिवस विश्वास टाकला होता, तो धुरकट तपकिरी होता आणि त्यात शेकडो, कदाचित हजारो बारीक चांदण्या चमकत होत्या. टोनरच्या कणांमधली भोकं! प्रत्येक चांदणी म्हणजे माझ्या पत्र्यावरचा एक निळा ठिपका, तो धुरकटपणा म्हणजे माझं निळं धुकं. सगळं एका क्षणात कळलं. मग काकांनी स्वतःची ट्रेसिंग शेजारी सरकवली. ती रात्र खरी काळी होती. तिच्यात एकही चांदणी नव्हती.

घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता: टेबलावर काळा दिसणारा उजेडापुढे राखाडी कसा होतो? त्याचं उत्तर सापडलं तेव्हा मी पुन्हा एकदा हरखले. कागदावरचं काळं आपण बघतो तेव्हा उजेड शाईतून आत जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा शाईतूनच बाहेर येतो. शाईला उजेड दोनदा भेटतो, ती दोनदा त्याला अडवते. पारदर्शक शीटमधून मात्र उजेड एकदाच आरपार जातो. शाईला एकच संधी! म्हणून पुस्तकासाठी उत्तम असलेला काळा आपल्या कामाला अपुरा पडतो.

छापखान्यातले लोक या काळेपणाला डेन्सिटी म्हणतात आणि तिला आकडा असतो. डेन्सिटी १ म्हणजे शंभरातले दहा भाग उजेड आरपार. २ म्हणजे शंभरातला एक. ३ म्हणजे हजारातला एक, ४ म्हणजे दहा हजारांतला एक. दर पायरीला दहापट काळोख! ऑफसेटसाठी पूर्वी चांदीच्या क्षारांची जी लिथ फिल्म वापरत, तिचा काळा ४ च्याही पुढे जायचा. काळोख मोजता येतो, ही गोष्ट मला इतकी आवडली की दोन दिवस मी घरातली प्रत्येक काळी वस्तू मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बघत होते. छत्री, एक्स-रेची जुनी फिल्म, काळा जिलेटिन कागद.

आता शत्रू समोर दिसत होता. मग एकेक करून त्याच्याशी भिडले.

आधी प्रिंटर. लेझर प्रिंटरमधे शाई नसते. टोनर नावाची बारीक पूड असते आणि ती विजेच्या भाराने ड्रमवर ओढली जाते. ही युक्ती चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात पहिल्यांदा करून दाखवली. पण भाराचं ओढणं कडेला जोरकस असतं आणि मोठ्या भरीव भागाच्या मधोमध कमी. म्हणून सुरुवातीच्या झेरॉक्स प्रतींत मोठं काळं मधेच फिकट पडायचं. आजची यंत्रं खूप सुधारली, तरी मोठा भरीव काळा हा लेझरचा अवघड पेपर. त्यात दुकानातल्या प्रिंटरवर टोनर वाचवायची सोय चालू होती! ती बंद करायला लावली, डेन्सिटी शेवटच्या टोकाला नेली, १२०० डीपीआय निवडलं, कागदाचा प्रकार ट्रान्सपरन्सी केला. चांदण्या निम्म्याहून कमी झाल्या. मग लक्षात आलं की माझ्या फाइलमधला काळा शंभर टक्के काळा नव्हताच. स्क्रीनवर फरक कळत नाही, पण रंग जरासा जरी राखाडी असला तरी प्रिंटर तो ठिपक्यांच्या जाळीने छापतो, आणि जाळी म्हणजे भोकंच भोकं. रंग शुद्ध काळा केला. आणखी चांदण्या विझल्या.

पुढची युक्ती तर सर्किटच्या आखणीतच होती. मोठा काळा प्रिंटरला जमत नाही ना, मग मोठा काळा ठेवायचाच कशाला? रेघांच्या मधली सगळी रिकामी जागा ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या सामायिक जोडणीच्या, तांब्याने भरून टाकली, फक्त रेघेभोवती पाव मिलिमीटरची वाट मोकळी सोडली. तांबं राहणार तिथे शीट कोरी, म्हणजे आता काळा उरला तो फक्त अरुंद वाटांपुरता. टोनरची पकड कडेला चांगली असते आणि अरुंद वाट म्हणजे सगळी कडच! शिवाय तांबं कमी खायचं असल्याने फेरिक क्लोराइडही कमी लागतं, आणि एकसंध ग्राउंडमुळे सर्किटही शांत चालतं. एका बदलात तीन फायदे. त्या दिवशी मी घरात नाचायचीच बाकी होते.

तरी काही चांदण्या उरल्याच. मग काकांनी दुसरा मंत्र दिला. ते म्हणाले, "एक काळा कमी पडतो ना? दोन लावा." एवढं साधं! एकाच चित्राच्या दोन शीट काढायच्या आणि एकीवर एक चिकटवायच्या. याचं गणित बघा. समजा एका शीटमधून शंभरातले पाच भाग उजेड जातो. त्या पाचांतले पुन्हा शंभरात पाच पुढे जाणार, म्हणजे शंभरात पाव भाग. गळती निम्मी झाली नाही, विसाव्या हिश्श्यावर आली! डेन्सिटीच्या भाषेत १.३ आणि १.३ मिळून २.६. आणि चांदण्यांचं तर विचारूच नका. त्या कुठे पडतील याला नेम नसतो. एका शीटवर शंभरावा हिस्सा भोकं असतील, तर दोन शीटची भोकं एकमेकांवर येण्याची शक्यता दहा हजारांत एक. दोन अपुऱ्या रात्री एकमेकींची भोकं झाकतात आणि पूर्ण रात्र होते.

मेहनत आहे ती जुळवण्यात. चित्राच्या चारही कोपऱ्यांत फुलीच्या खुणा घातल्या, काकांच्याच पेटीवर भिंग लावून फुलीवर फुली बसवली आणि कडेला चिकटपट्टी मारली. पहिल्या खेपेला तीन कोपरे जुळले, चौथा काही केल्या जुळेना. कारण लेझर प्रिंटरमधे शेवटी टोनर वितळवायला गरम रूळ असतो आणि त्या उष्णतेने प्लॅस्टिकची शीट किंचित आखडते, ताणली जाते. उपाय काकांना ठाऊक होता. कोरी शीट आधी एकदा तशीच यंत्रातून फिरवून घ्यायची, म्हणजे तिला काय आखडायचं ते आखडून होतं. आणि दोन्ही शीट एकाच यंत्रातून, एकाच दिशेने. शीटही गरम यंत्रात चालणारीच घ्यायची. इंकजेटची शीट लेझरमधे घातली तर ती रुळाला चिकटू शकते.

काकांची स्वतःची पसंती ट्रेसिंग पेपरला. टोनर त्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरतो आणि कागद दुधी असला तरी उजेड जाऊ देतो. वेळ थोडा जास्त द्यावा लागतो, एवढंच. त्यांनी जुन्या दिवसांची एक गोष्ट सांगितली. ट्रेसिंग महाग वाटायची तेव्हा ते साध्या कागदावर प्रिंट काढून मागून खोबरेल तेल पुसायचे. कागद पारदर्शक व्हायचा, काळा तसाच राहायचा. खोबरेल तेल! प्रत्येक मराठी घरात असलेली बाटली आणि तिच्यात छपाईची विद्या.

इंकजेटचाही अनुभव घेतला, कारण घरी इंकटँक प्रिंटर होता. त्याला शाई शोषणारा खरखरीत थर असलेली वेगळी शीट लागते आणि छपाई त्या खरखरीत बाजूलाच. इथे एक अद्भुत गोष्ट कळली. डोळ्याला सारखे दिसणारे दोन काळे अतिनील उजेडाला वेगवेगळे दिसतात! पिगमेंट शाईचा काळा म्हणजे बहुधा कार्बनची काजळी, ती सगळाच उजेड गिळते. रंगद्रव्य विरघळवून केलेल्या डाय शाईचा काळा डोळ्याला गडद दिसतो, पण अतिनील उजेड त्यातून निसटू शकतो. अनेक घरगुती इंकटँक यंत्रांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. कागदाचा प्रकार ग्लॉसी फोटो निवडला की यंत्र काळी बाटली बाजूला ठेवून तिन्ही रंगांच्या मिश्रणाने काळा बनवतं. कोणता काळा चांगला, हे डोळ्यांनी ठरवायचंच नाही. ते फिल्मला विचारायचं.

आणि फिल्मला विचारायची रीत तर सगळ्यात सुंदर! शीटवर एक भरीव काळा चौकोन आणि शेजारी एक कोरा चौकोन घ्या. खाली फिल्म लावलेल्या पत्र्याची पट्टी. वर पुठ्ठा झाकून ठेवा आणि दर मिनिटाला तो बोटभर मागे सरकवा. मग पट्टी सोड्याच्या पाण्यात धुवा. कोऱ्याखाली थर पहिल्यांदा कोणत्या मिनिटाला टिकतो ते बघा, काळ्याखाली पहिलं धुकं कोणत्या मिनिटाला दिसतं ते बघा. या दोन वेळांमधलं अंतर हेच तुमचं राज्य. माझ्या दिव्याखाली कोऱ्याला तीन मिनिटं लागायची. आणि पहिल्या शीटच्या काळ्याखाली तिसऱ्याच मिनिटाला धुकं धरत होतं. म्हणजे मला राज्यच नव्हतं! वेळ कितीही बदलली तरी जिंकणं शक्य नव्हतं. दुहेरी शीटखाली पंधरा मिनिटं उलटली तरी तांबं स्वच्छ. आता मी चार मिनिटं देऊ की सहा, काही बिघडत नाही. चांगला काळा मिळाला की बाकीच्या चुका माफ होतात. या सगळ्या खटाटोपात शिकलेलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच.

एक शेवटची गोष्ट राहिली होती आणि ती तर नुसत्या उलटं-सुलटं करण्याची. शीटची छापलेली बाजू तांब्याकडे हवी. शीट सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते. छापलेली बाजू वर राहिली तर तिरपा उजेड त्या जाडीतून काळ्याच्या खाली शिरतो. पाव मिलिमीटरच्या वाटेत दोन्हीकडून तो शिरला तर उरलं काय? म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचं आणि शीट पालथी घालायची. अक्षरं वरून सरळ वाचता आली की समजायचं, बरोबर ठेवलंय. वर फोटोफ्रेमची जाड काच, चारही बाजूंनी कागदाचे चिमटे. काळा आणि फिल्म यांच्यामधे हवेलाही जागा नको.

त्या रात्री दुहेरी शीट, पालथी, काचेखाली, चार मिनिटं. मग ते पावणेदोन वाजले.

झोप कुठली यायला! मला मामांचा छापखाना आठवत होता. लहानपणी तिथे लाकडी ठोकळ्यांवर ठोकलेले जस्ताचे ब्लॉक असायचे. मासिकांतली चित्रं, जाहिराती, पुढाऱ्यांचे फोटो त्या ब्लॉकवरून छापले जायचे. मी त्यांवर बोट फिरवत बसायचे. ते कसे करतात हे तेव्हा कधी विचारलं नाही. आता कळतंय: जस्तावर उजेडाने टणक होणारा थर, वर निगेटिव्ह, मग उजेड, धुणं आणि नायट्रिक आम्लात खाणं. अगदी माझ्या बोर्डासारखं! मामांकडचा प्रत्येक ब्लॉक हा माझ्या बोर्डाचा थोरला भाऊ होता.

आणि त्यांचा पणजोबा फ्रान्समधे. निसेफोर निएप्सने १८२६ च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर डांबराच्या जातीच्या पदार्थाचा थर दिला. एक छापील चित्र तेलकट करून पारदर्शक केलं, पत्र्यावर ठेवलं आणि उन्हात मांडलं. उजेड लागलेला थर टणक झाला, रेघांखालचा लॅव्हेंडरच्या तेलात विरघळला, मग पत्रा आम्लाने कोरला. कागद तेलकट करून पारदर्शक केला! म्हणजे काकांचं खोबरेल तेल आणि निएप्सचं तेल, दोघांचं काम एकच. पुढे व्हिएन्नात जन्मलेला, छपाईचं तंत्र जाणणारा पॉल आइस्लर नावाचा इंजिनिअर १९३६ साली लंडनला आला. रेडिओतल्या तारांच्या गुंत्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यावर ब्लॉकसारखंच सर्किट कोरावं, हे त्याने करून दाखवलं आणि १९४३ साली पेटंटसाठी अर्ज केला. आज मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांच्या पोटात जे हिरवे बोर्ड आहेत ते छापखान्याच्या घराण्यातले आहेत. म्हणून तर त्यांना प्रिंटेड सर्किट म्हणतात! नाव रोज उच्चारत होते, अर्थ त्या रात्री कळला.

सकाळी फेरिक क्लोराइडमधे पत्रा सोडला. वीस मिनिटांत वाटा मोकळ्या झाल्या. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात निळा थर उतरला. वीसच्या वीस पाय सोल्डर झाले आणि मीटर लावून तपासले, कुठेही चिकटाचिकट नाही. चौथ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंनी घंटा वाजवली. आईंच्या उशाशी दिवा तीनदा लुकलुकला आणि त्या स्वतः उठून दार उघडायला गेल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "अगं, आज मीच दार उघडलं." यापेक्षा मोठं बक्षीस मला नको.

करून बघणाऱ्यांसाठी काळजीच्या चार गोष्टी. कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात घालायचा, त्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. अतिनील दिव्याकडे बघायचं नाही. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमधे तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतायचं नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून ठेवायचं आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचं. स्वयंपाकाची भांडी या कामाला कधीही वापरायची नाहीत.

आणि एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या पेठेत एखादे स्क्रीन प्रिंटिंगवाले काका अजून असतील. लग्नपत्रिकांची कामं कमी झाली आहेत, दुकानं मिटताहेत. त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या पेटीच्या काचेवर तुमची शीट टाकून विचारा, "काका, हा काळा पुरेल का?" ते टेबलावर बघणार नाहीत. उजेडावर धरून बघतील आणि खरं ते सांगतील.

बोर्ड करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच: पुढची शीट तांब्यावर ठेवण्याआधी खिडकीशी न्या आणि उजेडाला धरा. एकही चांदणी दिसली, तर दुसरी शीट छापा.